जोयानाच्या अंगावरचे वण

१

रविवारी चर्चमधून आलं की तोदेर अंगातला कोट खुंटीला अडकवायचा, विटकी निळी डगली चढवायचा आणि जेवणाआधी शेडमध्ये जायचा. साफ्ताने केलेली मामालिगा, मक्याच्या पिठाचा तो पिवळाधमक वाफाळता गोळा, निवायच्या आत परत यायचं असा घरातला नियम होता. इतक्या वर्षांत तोदेरने तो क्वचितच पाळला होता.

शेडमध्ये जोयाना उभी असायची.

तिथल्या भाषेत जोय म्हणजे गुरुवार; गुरुवारी जन्मलेल्या गाईचं नाव जोयाना ठेवायची त्या डोंगरांत रीतच आहे. वनखात्याने जुन्या गाड्या मोडीत काढल्या, तेव्हा तोदेर आपली गाडी भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून घरी घेऊन आला, तो गुरुवार होता. फाटक उघडताना साफ्ता म्हणाली होती, "आणलीस एकदाची दुसरी गाय! आणि ही दूध किती देते?" तेव्हापासून ती जोयाना झाली.

दिसायला ठेंगणी, चौकोनी, गडद हिरवी. मागे ताडपत्रीचा टप, टपाखाली समोरासमोर दोन लाकडी बाकं. चिखल असो, बर्फ असो, ओढ्यातले गोटे असोत, जिथे बैलही पाय टाकायला कचरायचा तिथून जोयाना गुरगुरत वर चढायची. तोदेरने आपली सगळी नोकरी तिच्या स्टिअरिंगमागे काढली होती. आता तो सत्तरीला आला होता, गुडघे कुरकुरत होते, पण जोयानाला हँडल मारलं की ती अजून पहिल्या झटक्यात बोलायची.

एवढ्यात मात्र ती बोलली नव्हती. जवळच्या कम्पुलुंग शहरातला दातांचा डॉक्टर ओक्ताव याला जुन्या गाड्यांचं भारी वेड. उन्हाळ्याच्या शेवटी तो गाडी बघून गेला आणि बजावून गेला, "काका, वसंतात मेळावा आहे. अशी अस्सल गाडी अख्ख्या जिल्ह्यात उरलेली नाही. तोवर हिला हलवू नका. झाकून ठेवा. एक खडासुद्धा उडायला नको अंगावर." तोदेरने ऐकलं. चादर घातली. रविवारी चादर काढायची, फडकं मारायचं आणि पुन्हा झाकायचं.

त्या रविवारी तो गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला आणि तेलाचं फडकं फिरवू लागला. क्लचच्या पायाखाली तळहाताएवढं एक ठिगळ होतं. पत्रा गंजून आरपार गेला तेव्हा त्याने स्वतःच वेल्डिंग करून बसवलेलं. डोळे अधू झाले होते, हात थरथरला होता, त्यामुळे कडा ओबडधोबड राहिल्या होत्या. फडकं दर वेळी तिथे अडकायचं आणि तोदेर दर वेळी स्वतःला एक शिवी हासडायचा.

त्या दिवशी फडकं अडकलं नाही. सरळ घसरत पुढे गेलं.

त्याने बॅटरी लावली. ठिगळ नव्हतं. पत्रा अखंड होता आणि त्यावर जुना हिरवा रंग होता, कारखान्यातला. आपण चुकीच्या बाजूला बघतोय असं वाटून तो ब्रेकच्या बाजूला सरकला. तिथेही अखंड. मग तो बराच वेळ तसाच पाठीवर पडून राहिला. नाकासमोर वीतभर अंतरावर गाडीचं काळं पोट, आणि कुठेतरी तेलाचा एखादा थेंब टपकत होता.

"मेलास का खाली?" घरातून साफ्ताची हाक आली. "मेला असशील तर तसं सांग, मी जेवून घेते!"

वय झालं, दुसरं काय, असं म्हणत तोदेर बाहेर आला आणि गार मामालिगा निमूट जेवला.

२

पुढच्या आठवड्यात ओक्ताव पुन्हा आला. येताना साफ्तासाठी केक, तोदेरसाठी तंबाखू. गाडीवरची चादर त्याने नव्या नवरीचा पडदा सारावा तशी हळूच बाजूला केली आणि समोरच्या काचेपाशी थबकला.

"काका, ही काच!"

समोरची उजवी काच काही वर्षांपूर्वी लाकडं वाहून नेणाऱ्या ट्रकच्या चाकाखालच्या दगडाने फुटली होती. गावातल्या काचवाल्याने साधी काच कापून बसवून दिली होती. ओक्ताव आता ज्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होता, तिथे काचेत कोरलेला जुना बारीक शिक्का होता.

"ही मूळची आहे! कुठे मिळवलीत? मी वर्षानुवर्षं शोधतोय!"

तोदेरची नजर काचेवर, आणि मनात एक विचित्र गुदगुली. कुणी आपल्या पोराचं कौतुक करावं तसं ओक्ताव त्या काचेवरून हात फिरवत होता.

"मिळाली," तोदेर म्हणाला.

"अहो पण कुठे?"

"मिळाली रे. शोधलं की मिळतं."

ओक्ताव हसला. "नाही सांगणार तर. बरं, नका सांगू. ज्याने बसवली त्याच्या हातांचे मात्र मुके घ्यायला हवेत." मग तो मागे गेला, टपाकडे बघून जीभ टाळ्याला लावून चुकचुकला. "आता एवढं एक ठिगळ राहिलं, बघा. हे निघालं की गाडी शंभर नंबरी."

साफ्ता तेवढ्यात आलुबुखारच्या दारूचे इवले पेले घेऊन दारात आली होती. तिने ताट खाली ठेवलं.

"त्या ठिगळाला हात लावशील तर दात काढीन तुझे, डॉक्टर! हे माझं ठिगळ आहे."

ठिगळाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. वरच्या बागेतली सफरचंदं टपाखाली ठेवली होती आणि एका अस्वलाने वासावर येऊन ताडपत्री फाडली. हिरवा दोरा मिळेना, म्हणून साफ्ताने आपल्या सणाच्या पोलक्यावर काढतात तसली लाल फुलीची नक्षी घालून ठिगळ शिवलं होतं. गावातले लोक हसायचे. तोदेर म्हणायचा, हसा, माझी गाडी पोलकं घालून फिरते.

"ते ठिगळ निघालं ना," साफ्ता म्हणाली, "की टपाबरोबर माझा नवराही जाईल घराबाहेर."

"राहू दे, राहू दे," ओक्ताव दोन्ही हात वर करून म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसले.

३

ठिगळ दोन-चार दिवसांतच गेलं.

साफ्ताच शेडमध्ये कोंबडीच्या मागे शिरली होती. तिची हाक आली नाही, तेव्हा तोदेर बघायला गेला. ती चादरीचं टोक हातात धरून उभी होती. टप ताणून बसवलेला, हिरवागार, एकही टाका नाही. अस्वल जणू त्या वाटेने कधी गेलंच नव्हतं.

"नवा टप आणलास?" साफ्ता त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"नाही गं."

"मग हा काय आकाशातून पडला?"

"साफ्ता, शपथ घेऊन सांगतो, मी..."

"माझं ठिगळ कुठे आहे? टाकलंस की जाळलंस? निदान चुलीत तरी घालायचं होतंस, चहा झाला असता एका पेल्याचा!" तिचा आवाज चिरकला. ती म्हातारी झाल्यापासून तोदेरने तिला असं रडवेलं कधी पाहिलं नव्हतं. "त्या दातवाल्याने मान हलवली आणि तू कात्री घेतलीस."

तो काय सांगणार होता? मी कापलं नाही, ते आपोआप गेलं? काच आली, पत्रा आला, तशी आख्खी ताडपत्री आली? बोलायला गेला असता तर स्वतःच्या कानांनाही ते पटलं नसतं. त्याने मान खाली घातली. साफ्ताने ती कबुली समजली.

रात्री दोघांनी एकमेकांकडे पाठ करून झोप काढली.

४

सकाळी तोदेर उठला तो माफी मागायच्या तयारीनेच. केलं नसलं तरी काय बिघडतं, मागून टाकावी. साफ्ता दूध गाळत होती, गुणगुणत होती.

"काल त्या ठिगळाचं..." त्याने सुरुवात केली. "मला वाईट वाटलं गं."

"कसलं ठिगळ?"

"टपाचं. लाल दोऱ्याचं."

तिने गाळणं झटकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "कुणाच्या टपाचं?"

"जोयानाच्या. अस्वलाने फाडलेल्या."

"अस्वल?" ती हसली. "बघ बाबा तोदेर, सकाळी सकाळी पेला मारलास का तू?"

तोदेरला वाटलं, ही सूड उगवतेय. साफ्ताला टोमणे मारायची मोठी हौस. एकदा रुसली की आठवडाभर त्याला 'शेजारचा माणूस' म्हणून हाक मारायची. म्हणून तोही हसला. पण तिच्या डोळ्यांत खोडी नव्हती. ती मनापासून विचारत होती, आणि उत्तराची वाट न बघता गाळण्याकडे वळलीसुद्धा.

त्या दिवशी तोदेरने एक खिळा घेतला. शेडचं दार आतून लावलं. जोयानाच्या आतल्या पत्र्यावर, डॅशबोर्डच्या फळीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक फुली ओढली. रंग उडाला, खालचा पांढरा पत्रा चमकला. "माफ कर गं," तो पुटपुटला आणि फुलीवर अंगठा ठेवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी अंगठा गुळगुळीत रंगावरून फिरला.

शेडच्या फळ्यांतून उन्हाच्या पट्ट्या गाडीवर पडल्या होत्या. गाडी सुंदर दिसत होती. तोदेरच्या आठवणीत होती त्यापेक्षाही सुंदर. ऐन जवानीतली जोयाना परत मिळावी म्हणून त्याने किती वर्षं मनातल्या मनात नवस केले होते! ती आता त्याच्यासमोर उभी होती, आणि तिच्याकडे पाठ करून बाहेर पडायचं त्याला धाडस होईना. तो मागे मागे सरत दारापर्यंत आला.

५

आलुबुखार शिजवायचे दिवस आले. अंगणात तांब्याची मोठी कढई चढली. साफ्ता लांब लाकडी पळी घेऊन जांभळा रटरटता गर ढवळत होती आणि धूर डोळ्यांत गेला की चुलीला शिव्या देत होती. तोदेर लाकडं सारत होता. अंगाला ऊब लागत होती, गोड आंबूस वास सुटला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

वाफेने साफ्ताच्या डोक्यावरचा रुमाल मागे घसरला.

तिच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, एक वण होता. गाडी स्वतःची झाल्यावर तिने हट्टाने गाडी शिकायला घेतली होती आणि दुसऱ्याच दिवशी फाटकाच्या खांबावर नेऊन घातली होती. जोयानाच्या मडगार्डला पोचा, साफ्ताच्या कपाळाला टाके. पोचा तोदेरने कधी काढून घेतला नाही. "दोघींना एकाच दिवशी लागलंय," तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा.

आता तिथे सुरकुत्या होत्या. वण नव्हता.

त्याने लाकूड खाली टाकलं, जवळ गेला, तिच्या कपाळाला बोट लावलं.

"काय रे? राख लागलीय का?"

"तुझा वण..."

"कसला वण?"

"खांबावर आपटलीस तो. गाडी शिकताना."

साफ्ताने पळी थांबवली. "मी? गाडी?" ती खो-खो हसली. "तू मला जन्मात कधी त्या स्टिअरिंगला हात लावू दिलायस का? मी किती मागे लागले होते! 'बायकांचं काम नाही' म्हणून बसलास. आणि आता म्हणे शिकताना!"

तोदेर शेडकडे धावला. चादर ओढून काढली. मडगार्ड गोल, तुकतुकीत. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता.

मागे अंगणात साफ्ता ओरडत होती, "अरे गर लागेल खाली! चुलीकडे बघ, म्हाताऱ्या!" तिला काहीही झालेलं नव्हतं. ती होती तशीच होती. फक्त तिच्या आयुष्यातला एक दिवस कमी झाला होता, आणि त्याची चुकचुक तिला नव्हती, तोदेरला होती.

६

जोयानाच्या मागच्या डाव्या बाकावर लाकडात मुरलेला एक काळपट डाग होता. तोदेरने तो कधी घासला नव्हता आणि कुणाला घासू दिला नव्हता.

इलिंका तिथे जन्मली होती. बर्फाने रस्ता बंद झालेला, साफ्ता कळा देत मागच्या बाकावर, गावची सुईण तिच्या उशाशी. पुलाच्या अलीकडे गाडी अडकली. तोदेर फावड्याने बर्फ उपसत असताना टपाखालून पोरीचा टाहो ऐकू आला. फावडं तिथेच टाकून तो मागे धावला तेव्हा सुईण म्हणाली, "दार लाव रे मेल्या, गारवा येतोय आत!" आपल्या लेकीविषयी ऐकलेले ते पहिले शब्द.

तो बाकाशी आला. डाग नव्हता. लाकूड कोवळं, पिवळसर होतं, रंध्याचा वास येत होता.

तो तसाच घरात धावला. फोनवर इलिंकाचा नंबर शोधताना बोटं चुकीच्या नावांवर पडत होती. ती इटलीत, तोरिनोला एका बेकरीत कामाला होती. घंटा वाजत राहिली. वाजत राहिली. तोदेरने भिंतीला हात टेकला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

त्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

"बाबा!"

"आहेस का तू?" तो म्हणाला. "आहेस ना गं?"

"असा काय विचारताय? आहे मी. पिठात हात आहेत माझे. काय झालंय?"

"काही नाही. काही नाही." त्याने डोळे पुसले. मग न राहवून विचारलं, "इलिंका, तू कुठे जन्मलीस?"

"अहो, दवाखान्यात! कम्पुलुंगच्या. खिडकीशेजारच्या खाटेवर, आई नेहमी सांगते. बाबा, तुम्ही मला घाबरवताय. आईला द्या बरं फोन."

त्याने फोन साफ्ताच्या हातात दिला. ती लेकीशी बेकरी, हवा, गुडघे सगळं बोलली. म्हाताऱ्याचं डोकं हल्ली भरकटतं, असंही दबक्या आवाजात बोलली. तोदेर ऐकत होता. पोरगी होती, बोलत होती, हसत होती. देवाचे आभार. पण पुलाजवळची ती पहाट आता जगात फक्त त्याच्या एकट्याच्या डोक्यात उरली होती, आणि त्या डोक्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

७

संध्याकाळी तो शेडच्या दारात बसून हिशेब लावू लागला. ठिगळ, काच, टप, पोचा, डाग. सगळ्यात ताजं ते आधी गेलं होतं. मागे मागे चाललंय, एवढं कळत होतं. मग पुढे काय?

पुढे साफ्ताचं अक्षर होतं. लग्नाच्याही आधी ती वनखात्याच्या रोपवाटिकेत होती. रोपं लावायला जाणाऱ्या बायांना तोदेरच जोयानातून वर सोडायचा. त्यातल्या एकीने उजव्या बाकाच्या खालच्या अंगाला पिनेने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. कुणी कोरलं, हे शोधून काढायला तोदेरला सबंध एक उन्हाळा लागला होता, आणि तोच त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा होता.

त्याने वाकून बोट फिरवलं. अक्षर होतं. जरा उथळ लागलं, पण होतं.

त्याच्याही आधी तोदेर नव्हता. त्याच्या आधी ही गाडी गाव्रिल नावाचा, कानामागे मोठा मस असलेला माणूस चालवायचा. त्याच्याकडूनच तोदेरने किल्ली घेतली होती. गाव्रिल केव्हाच वारला. तोदेरने त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता.

उद्या हिला बाहेर काढायची, त्याने ठरवलं. गेला खड्ड्यात मेळावा. चालती होती तोवर हिने कधी काही केलं नाही. उभी केली, झाकली, तेव्हापासून हे सुरू झालं. कारण त्याला ठाऊक नव्हतं. पण रुतलेली गाडी हलवावी लागते, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

पहाटे उजाडताच तो उठला. बाहेर दाट धुकं होतं. स्वयंपाकघरात साफ्ता चूल पेटवत होती. त्याची चाहूल लागताच ती वळली, एप्रनला हात पुसले आणि किंचित अवघडून हसली.

"लवकर उठलात," ती म्हणाली. "बसा ना. दूध घेणार का तुम्ही?"

तोदेरने मागे वळून पाहिलं. दारात दुसरं कुणी नव्हतं.

एवढ्या वर्षांत साफ्ता त्याला गाढव म्हणाली होती, मेल्या म्हणाली होती, चर्चमध्ये आणि दवाखान्यात लाडाने आणखी काय काय म्हणाली होती. 'तुम्ही' कधीच नाही. ती आता पाहुण्याकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती, आदबीने. हा म्हातारा आपल्या घरी कसा, हे आठवायचा प्रयत्न करत असावी, पण विचारणं बरं दिसणार नाही म्हणून गप्प होती.

"नको," तो कसाबसा म्हणाला. दाराजवळच्या खिळ्याला किल्ली टांगलेली असायची, तिकडे त्याचा हात गेला. किल्ली नव्हती. खिळा नव्हता. खिळ्याचं भोकही नव्हतं. नुसती चुन्याची भिंत होती.

तो धुक्यातून शेडकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर त्याला आवाज ऐकू आला. इंजिन चालू होतं. जोयानाचा घसा गेली कित्येक वर्षं बसलेला होता, ती खाकरत बोलायची. हा आवाज खणखणीत होता.

दार किलकिलं होतं. आतून नव्या रंगाचा आणि नव्या रबराचा वास येत होता. चादर खाली पडली होती. स्टिअरिंगमागे कुणीतरी बसलं होतं. खात्याची टोपी. नुकतीच हजामत केलेली मान. कानामागे मोठा मस.

तो मस तोदेरने ओळखला.

"कोण पाहिजे?" माणसाने विचारलं. मान वळवली नाही. आवाज साधा होता, सकाळच्या घाईतला.

तोदेर म्हणाला, "ही गाडी..."

"गाडी कामावर निघालीय." मग आतल्या आरशात दोन डोळे किंचित हलले. आरशात फक्त डोळेच दिसत होते, आणि त्यांच्याकडे फार वेळ बघू नये असं तोदेरला वाटलं. "कचेरीतून नवा पोरगा पाठवणार होते. तो तूच का?"

नाही म्हणता आलं असतं. मी सत्तरीचा म्हातारा आहे, हे माझं शेड आहे, आणि तुम्हाला मी स्वतः मातीत ठेवलंय, असं म्हणून दार लावून घेता आलं असतं. पण मग मागे, घरात, एक सभ्य बाई होती. तिने त्याला पेलाभर दूध दिलं असतं आणि फाटकापर्यंत पोचवलं असतं.

"हो," तो म्हणाला. "मीच तो."

"उशीर केलास."

"हो. केला."

माणसाने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि न वळता खांद्यावरून मागे धरली. तोदेरने हात पुढे केला. स्वतःच्या हाताकडे त्याने पाहिलं नाही. किल्ली गार होती. बोटं त्याहून गार होती.

"सांभाळून घे तिला," माणूस म्हणाला. "पण काचेच्या कपाटात ठेवू नकोस."

तो पलीकडच्या बाजूने उतरला आणि शेडच्या मागच्या अंगाला चालत गेला. वाळल्या गवतावर पावलं वाजली. मग वाजली नाहीत. मागच्या अंगाला दार नव्हतं. तिथे आढ्यापर्यंत गवत रचलेलं होतं.

८

जोयाना अंगणात आली तेव्हा धुकं विरत होतं. साफ्ता पायरीवर उभी होती, कमरेवर हात ठेवून. तोदेरने इंजिन चालू ठेवलं. तिच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो याची तो वाट बघत राहिला.

"कुठे निघालास रे एकटाच, गाढवा?"

तोदेरने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही. ये, बस."

"कुठे?"

"वर. कुरणावर. बस ना!"

ती कुरकुरत चढली, आत बघत राहिली. "काय चकाचक आहे ही! कुणाची?"

"आपली."

"थापा मारू नकोस. जन्मात पहिल्यांदा बसवतोयस मला हिच्यात."

तोदेरने पहिला गिअर टाकला. पहिल्यांदा तर पहिल्यांदा.

चढावर त्याने तिला सगळं सांगितलं. अस्वल, लाल दोरा, फाटकाचा खांब, पुलाजवळचा बर्फ, दार लाव रे मेल्या म्हणणारी सुईण. ती ऐकत होती, हसत होती, मध्येच विचारत होती, "मग? पोरीला गुंडाळलं कशात?" बर्फाशी आल्यावर तिने रुमालाने डोळे टिपले.

"छान आहे रे," ती म्हणाली. "कुणाची गोष्ट आहे ही?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वळणावर त्याचं लक्ष गेलं नाही. वाकलेल्या बीचच्या झाडाची सुकी फांदी जोयानाच्या उजव्या दारावरून करकरत, पार मागपर्यंत घासत गेली. दातांतून कळ यावी तसा आवाज झाला.

तोदेरने गाडी थांबवली, उतरला, वळसा घालून त्या बाजूला आला. नव्याकोऱ्या हिरव्या रंगावर हातभर लांब, पांढरा, वेडावाकडा ओरखडा उमटला होता. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला.

साफ्ता खिडकीतून वाकली. नवरा रंगासाठी शिव्या घालणार म्हणून तिने आधीच कान झाकले होते. शिव्या आल्या नाहीत, तेव्हा ती खाली उतरली, अंगठ्याला थुंकी लावली आणि ओरखड्यावर घासला.

"जात नाही रे," ती जरा ओशाळून म्हणाली.

"नीट पूस."

तिने रुमालाचं टोक घेतलं, ओलं केलं आणि जोर लावून पुसलं. तोदेर श्वास रोखून बघत होता.

"नाही जात. खोल गेलाय."

"अजून एकदा," तो म्हणाला. "अजून एकदा पूस, साफ्ता."

तिने पुसलं. ओरखडा होता तिथेच होता.